कपाटात ठेवलेल्या बोलिंग बॉलला तडा गेला, तोही न आपटता. असं का होतं?

दहावी_फ्रेम

नमस्कार मंडळी. डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

माझा टेनपिन बोलिंगचा (लेनवर बॉल टाकून पिना पाडायच्या खेळाचा) १५ पाउंडी रिअ‍ॅक्टिव्ह (लेनवरचं तेल शोषून जोरात वळणारा) बॉल सीझन संपल्यावर पुसून, पिशवीत घालून कपाटात ठेवला होता. काल बाहेर काढला तर बोटं घालायच्या भोकांपैकी अनामिकेच्या भोकापासून निघालेली एक बारीक रेघ दिसली, करंगळीएवढी लांब. आधी वाटलं ओरखडा असेल. पण उजेडात फिरवून बघितलं तर रेघ दोन बोटांच्या मधे नाही, उलट बाहेरच्या अंगाला गेलीय आणि पुढे जाऊन वळलीय. नख फिरवलं की किंचित अडकतं.

लेनवर दाखवला तर जो तो एकच म्हणतोय, "आपटला असशील." अहो, कपाटात कुठे आपटणार? पिशवीतून काढेपर्यंत त्याला कुणाचा हातही लागलेला नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून आहे आणि दुपारचं ऊन त्या भिंतीवर पडतं, हे आधीच सांगते, कारण कुणीतरी विचारणारच.

विचारायचं एवढंच: नुसता ठेवलेला बॉल तडकतो का? ही रेघ दुरुस्त होईल का? आणि दुसरा बॉल (तोही रिअ‍ॅक्टिव्हच) वाचवायचा असेल तर काय करू?

स्पेअर_मामा

बाकीचं नंतर. आधी बॉलला काहीही न लावता फोटो काढा. एक पूर्ण बॉलचा, एक तड्याचा जवळून आणि एक सीरियल नंबर स्पष्ट दिसेल असा. विकत घेतल्याची पावती शोधा. बहुतेक कंपन्यांची मर्यादित मुदतीची वॉरंटी असते आणि तिच्यात तडा धरलेला असतो, पण तुम्ही आधीच डिंक-बिंक भरून ठेवलात तर पुढचं बोलणंच खुंटतं.

भोकवाला

ताई, तुम्ही आपटला नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. बॉलना भोकं पाडण्यातच माझं आयुष्य गेलं. माझ्या टेबलावर तडकलेले म्हणून जे बॉल येतात, त्यातले कितीतरी कपाटातून, डिकीतून, माळ्यावरून आलेले असतात. मालक शपथेवर सांगतो की मी काही केलं नाही, आणि बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो.

लोकांची गल्लत अशी होते की बॉल म्हणजे एकसंध दगड, असं ते धरून चालतात. रिअ‍ॅक्टिव्ह बॉलच्या पोटात जड, वेड्यावाकड्या आकाराचा वेट ब्लॉक असतो, त्यालाच कोअर म्हणतात. त्याच्याभोवती बहुधा हलक्या मालाचा भराव आणि सगळ्यांत बाहेर कव्हरस्टॉक, म्हणजे बॉलची साल. तिन्हींची घनता वेगळी आणि गरम-थंड झाल्यावर फुगण्या-आकसण्याचं प्रमाणही वेगळं. कव्हर हे पॉलियुरेथेनचं, ते द्रवरूपात साच्यात ओततात. घट्ट होताना ते तापतं, मग थोडं आकसतं. आत कोअर आधीच टणक होऊन बसलेला असतो, त्यामुळे कव्हरला आकसायला पूर्ण वाव मिळत नाही. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाच ते कोअरवर तबल्याच्या पुडीसारखं ताणून बसलेलं असतं. हा ताण डोळ्यांना दिसत नाही आणि चांगल्या बॉलला तो वर्षानुवर्षं झेपतो. त्यात भर पडली की मात्र बिनसतं.

भर कशी पडते ते सांगतो. प्लास्टिक उष्णतेच्या बाबतीत फार मंद. ७ किलोच्या आसपासचा गोळा गार जागी नेला की वरची साल लगेच गार होते, आतलं पोट मात्र तासन् तास कोमटच राहतं. साल आकसू बघते, पोट हटत नाही. आधीच ताणलेलं कव्हर आणखी ताणलं जातं, आणि गारव्याने ते कडकही झालेलं असतं. हिवाळ्यात रात्रभर गाडीच्या डिकीत राहिलेला बॉल सकाळी पहिल्याच स्ट्राइकला तडकतो तो यामुळे. लोक म्हणतात पिनांनी फोडला. पिन बिचारी दीड किलोची, कठीण मेपलची. ती रोजच हाणते. त्या दिवशी फक्त निमित्ताला कारण झाली.

उन्हाचा प्रकार वेगळा, पण शेवट तोच. बंद गाडीत उन्हाळ्यात ५०-६० अंश सहज होतात. तुमच्या कपाटामागची भिंत तेवढी तापत नसेल, पण ती रोज दुपारी तापते आणि रोज रात्री निवते, आणि बॉलची एकच बाजू तिच्याकडे असते. एकदाच बसलेल्या मोठ्या झटक्यापेक्षा हे रोजचं हळूहळू ताणणं-सोडणं जास्त वाईट, असं माझं मत आहे. चीर एका दिवसात पडत नाही. आधी कुठेतरी केसाएवढी सुरू होते, मग रोज कणाकणाने पुढे सरकते, आणि तुम्हाला दिसते तेव्हा तिचं काम झालेलं असतं.

आता ती अनामिकेच्या भोकापासूनच का निघाली? कारण ताणलेल्या पत्र्याला भोक पाडलं की ताण त्या भोकाच्या कडेशी गोळा होतो. कुठल्याही इंजिनियरला विचारा, कडेवरचा ताण आजूबाजूच्यापेक्षा दोन-तीन पट भरतो. त्यात कड धारदार राहिली असेल, पात्याने एखादी बारीक खाच पाडली असेल किंवा नंतर कुणी पेचकस घालून इन्सर्ट (भोकात बसवलेली बोटासाठीची नळी) उचकटलं असेल, तर चिरेला आयतंच दार मिळतं. म्हणून मी भोक पाडून झालं की कड हाताने घासून गोल करतो. गिऱ्हाईक म्हणतं, अंगठ्याला छान लागतंय. अंगठ्याला लागतं ते खरंच, पण मी ते कव्हरसाठी करत असतो.

दोन बोटांच्या भोकांमधली जी पट्टी, म्हणजे ब्रिज, ती सहसा पाव इंचाची. त्यात बोटांची भोकं सरळ खाली जात नाहीत, पकडीप्रमाणे तिरकी जातात. ती एकमेकांकडे झुकलेली असतील तर वर पाव इंच दिसणारी भिंत तळाशी कागदासारखी उरते. तिथे पडलेल्या तड्याला आम्ही ब्रिज क्रॅक म्हणतो. ब्रिजच्या आतच राहिला तर घाबरायचं कारण नाही. पातळ सुपरग्लू किंवा प्लगचं (भोक बुजवायचं) द्रावण मुरवायचं, घासायचं, खेळायचं. असे बॉल वर्षानुवर्षं चालतात.

तुमची रेघ बाहेर गेलीय आणि वळलीय म्हणता, ते मला आवडलं नाही. रेघ सरळ न जाता एखादी गोलाई धरून वळते तेव्हा बरेचदा ती कोअरच्या कडेवरून चाललेली असते. याचा अर्थ कव्हर नुसतं फाटलं नाही, खालच्या थरापासून सुटायलाही लागलंय.

ओरखडा की तडा, हे घरीच ठरवता येतं. खेळताना पडलेले ओरखडे तेलाच्या कड्यांना (बॉल फिरत जाताना लेनवरच्या तेलाच्या त्यावर उमटणाऱ्या गोल रेघांना) साधारण समांतर असतात, तडा त्या कड्यांना आडवा छेदून जातो. तरी शंका असेल तर मऊ फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि तो भाग पुसा. मग डोळे न हलवता बघत राहा. वरचं अल्कोहोल काही सेकंदांत उडून जातं, पण चिरेत शिरलेलं मागे राहतं आणि एक काळसर ओली रेघ हळूहळू वर उमटते. ओरखडा असेल तर सगळं एकदमच सुकेल. ओली रेघ कुठे संपते तिथे पेन्सिलने खूण करा, कारण खरी चीर नुसत्या डोळ्यांना दिसते त्याच्यापेक्षा लांब असते. हे फोटो काढल्यानंतर करा, स्पेअर मामांचं म्हणणं अगदी रास्त आहे.

दहावी_फ्रेम

काका, फोटो काढले आणि मग अल्कोहोलने पुसलं. ओली रेघ उमटली. मला दिसत होती त्याच्या जवळपास दुप्पट आहे, आणि अंगठ्याच्या दिशेनेसुद्धा एक फाटा निघालाय जो मला दिसलाच नव्हता. बघताना पोटात गोळा आला.

म्हणजे हा गेलाच ना? आणि दुसऱ्या बॉलमधे मुरलेलं लेनवरचं तेल काढायला एक जण गरम पाण्यात बुडवा म्हणतोय, दुसरा म्हणतोय भट्टीवजा मशीनमधे टाक, तिसरा नेलपॉलिशचं अ‍ॅसिटोन सुचवतोय. कुणाचं ऐकू?

वक्ररेषा

भोकवाले काकांचं तापमानाचं विवेचन पटलं. पण आता कुणीतरी येऊन "बॉल दर महिन्याला फिरवून ठेवा, नाहीतर कोअर खाली बसतो" हे सांगणारच, म्हणून आधीच विचारतो. घट्ट झालेलं रेझिन खोलीच्या तापमानाला असं वाहत जाऊन खाली बसतं का हो? मला हे थोतांड वाटतं. बॉल तडकला की मालकावर ढकलायला बरं पडतं, "तुम्ही फिरवला नाहीत."

भोकवाला

ताई, फाटा अंगठ्याकडे निघाला असेल तर खेळण्यापुरता तो बॉल संपला. प्लग भरून वर घासून चकचकीत करून देणारे भेटतील. देऊ नका. प्लगचं द्रावण घट्ट होताना स्वतः तापतं, आणि तडकलेल्या कव्हरला त्याच जागी पुन्हा शेक देणं म्हणजे चीर आणखी पुढे ढकलणं. वॉरंटीत बसत असेल तर बघा, नसेल तर सोडून द्या.

वक्ररेषा, तुमचा संशय अगदीच चुकीचा नाही. कोअर सुटून तळाला जाऊन बसतो वगैरे ऐकायला गमतीचं आहे, तसं काही होत नाही. पण प्लास्टिक सतत एकाच बाजूने भार घेत राहिलं तर फार सावकाश का होईना, सरकतं. त्याला क्रीप म्हणतात आणि ते थोतांड नाही. बॉल एका बिंदूवर टेकलेला असतो, सगळं वजन त्या एवढ्याशा जागेवर. त्यामुळे फार दिवस ठेवायचा असेल तर अधूनमधून फिरवा, असं खुद्द बनवणारेच सांगतात, भोकं न पाडलेल्या नव्या बॉलबद्दलसुद्धा. मी सांगतो फिरवा, कारण फुकटचं आहे. सपाट फळीपेक्षा रिंगवर किंवा वाटीसारख्या स्टँडवर ठेवलात तर भार आणखी पसरतो. पण फिरवत राहिलात आणि ठेवलात उन्हाच्या भिंतीला, तर काही उपयोग नाही. तापमान आधी, फिरवणं मग. या क्रमाबद्दल आपलं एकमत दिसतंय.

आता तेल. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बॉल ठेवून जितके तडकतात, जवळपास तितकेच लोक धुऊन तडकवतात.

रिअ‍ॅक्टिव्ह कव्हर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं असतात. लेनवरचं तेल त्या छिद्रांतून आत मुरतं, म्हणून तो बॉल कोरड्या भागात लेनला धरतो आणि जोरात वळतो. तेल भरलं की मरगळतो, आणि लोकांना ते उपसून काढायची घाई होते. पण त्या कव्हरमधे तेलाबरोबर प्लास्टिसायझरही असतात. कव्हर लवचीक राहतं ते त्यांच्यामुळे. जास्त उष्णता दिलीत तर तेलाच्या मागोमाग तेही घामासारखे बाहेर येतात. बॉल दोन गेम छान वळतो, मालक खूश होतो, आणि कव्हर मात्र ठिसूळ होऊन बसतं. पुढे कधीतरी तडकतं तेव्हा त्या धुण्याची आठवण कुणालाच नसते.

म्हणून ओव्हन नाही, मायक्रोवेव्ह नाही, भांडी धुण्याचं मशीन नाही, हेअर ड्रायर नाही, उन्हात गच्चीवर तर नाहीच नाही. हे सगळे प्रकार केलेले लोक मला भेटलेत, कुणी हसू नका.

कोमट पाण्याची अंघोळ चालते, नीट केली तर. भोकांवर पाणी न शिरणारी टेप घट्ट लावा. पाणी ५० अंशांच्या आसपास, ६० च्या वर कधीच नाही. थर्मामीटर नसेल तर जोखीम नको, हात बुडवून आरामात ठेवता येईल इतकंच कोमट घ्या. भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे काही थेंब टाका आणि १५-२० मिनिटं ठेवा, मधे एकदा फिरवा. वर तेलाचा तवंग दिसेल. बाहेर काढा, पुसा. मग सगळ्यांत महत्त्वाचं, त्याला तसाच खोलीत निवू द्या. गरम बॉल थंड नळाखाली धरणारे महाभाग आहेत. वर इतका वेळ जे सांगितलं ते सगळं त्या दहा सेकंदांत घडतं.

ही अंघोळ साधारण ५०-६० गेममागे एकदा पुरे. खरं काम त्याच्या आधीचं आहे. खेळून झाल्या झाल्या, बॉल अजून कोमट असताना, तेल आत मुरायच्या आधी पुसून काढा. मायक्रोफायबरचं फडकं, वर बॉलसाठीच बनवलेला क्लीनर किंवा आयसोप्रोपिल. हे नेमाने करणाऱ्याला अंघोळीची वेळच फार उशिरा येते. एक लक्षात ठेवा, अमेरिकेच्या यूएसबीसी या बोलिंग संघटनेच्या नियमांत सामना चालू असताना बॉलला द्रव क्लीनर लावता येत नाही, फक्त कोरडं फडकं. क्लीनर सामना संपल्यावर.

अ‍ॅसिटोनचं विचारलंत. त्याच जातीच्या द्रवाची एक गोष्टच आहे. १९७३ साली डॉन मॅक्यून नावाच्या अमेरिकन व्यावसायिक खेळाडूने पॉलिस्टरचा बॉल मिथाइल इथाइल कीटोनमधे भिजवून साल मऊ केली आणि त्या वर्षी सहा किताब मारले. लेनवर बॉल असा चिकटायला लागला की बाकीच्यांनीही बादल्या काढल्या, आणि शेवटी कडकपणाची खालची मर्यादा नियमात घालावी लागली. पुढे कडकपणा मोजून बॉल बाद व्हायला लागले. सांगायचं हे की असली द्रावणं नुसतं तेल काढत नाहीत, सालच बदलतात. नखांसाठी ठेवा.

आणखी एक. जुन्या बॉलला चौथं भोक असेल, वजन साधायला पाडलेलं, तर यूएसबीसीच्या स्पर्धांत १ ऑगस्ट २०२० पासून ते चालत नाही. खूप जणांनी ते बुजवून घेतलं. अशा बॉलच्या बुजवलेल्या जागेभोवतीची कड महिन्यातून एकदा बघत जा. दोन वेगळ्या दिवशी घट्ट झालेलं प्लास्टिक एकमेकांशी कायमचं सलगीने राहतंच असं नाही.

वक्ररेषा

क्रीपचं मान्य. थोतांड हा शब्द मागे घेतो, "अतिशयोक्ती" ठेवतो. 🙂

एक विचारू? माझा स्पेअर मारायचा (पहिल्या फेकीत उरलेल्या पिना पाडायचा) साधा प्लास्टिकचा बॉल वाटेल तिथे पडलेला असतो, त्याला काही होत नाही. महागडाच का नाजूक?

भोकवाला

प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिस्टरच्या, बॉलच्या पोटात बहुधा साधा, छोटा, चपटा वेट ब्लॉक असतो आणि बाकी सगळा एकसारखा भराव. भांडायला थर कमी, घनतेतला फरक कमी. कव्हर तेल पीत नाही, म्हणून त्याला गरम अंघोळही कुणी घालत नाही. महागड्या बॉलमधे कोअर जितका जड आणि तिरपागडा, तितकं वळण भारी, आणि तितकेच त्याचे कोपरे कव्हरला आतून रेटत असतात. वळणाची किंमत कुठेतरी मोजावीच लागते. म्हणून प्लास्टिकचा बॉल अमर आहे असं समजू नका, तोही गारठलेल्या डिकीतून थेट लेनवर नेलात तर तडकेल.

पिनडेक_मागचा

मी मशीनच्या बाजूचा माणूस, त्यामुळे माझी बाजूही ऐका. तडे गेले की आम्हालाच शिव्या बसतात.

बॉल पिना पाडून मागे जाड गादीवर आपटतो, खड्ड्यात पडतो, तिथून दाराने आत जातो, पट्टा त्याला पळवतो आणि जमिनीखालच्या रुळावरून तो तुमच्यापर्यंत वर येतो. या वाटेवर कुठेही रबर झिजून खालचं लोखंड उघडं पडलं किंवा एखादा स्क्रू अर्धा वर आला की तो प्रत्येक बॉलला चावतो. त्याची खूण ओळखू येते. अर्धचंद्रासारखी छोटी कापल्याची खूण, प्रत्येक वेळी तशीच, बॉलच्या वेगवेगळ्या जागी. एकाच लेनवर खेळल्यावर अशा दोन-तीन खुणा दिसल्या तर त्याच दिवशी काउंटरवर लेनचा नंबर सांगा. आठवड्याने सांगितलंत तर आम्ही शोधणार काय?

ताईंच्या बॉलचं वर्णन तसं नाही. मशीनचा मार बाहेरून आत जातो, वरती खड्डा किंवा टवका दिसतो आणि चीर तिथून निघते. भोकाच्या कडेपासून निघालेली आणि वर काहीच मार न दिसणारी चीर आमच्या खात्यावर टाकू नका.

आणि एक कानोसा घ्यायची सवय लावा. बॉल लेनवरून जाताना टक-टक आवाज येतो का बघा. येत असेल तर तो बोटांच्या किंवा अंगठ्याच्या भोकावरून घरंगळतोय. दर गेमला त्या कडेवर सगळं वजन कितीतरी वेळा येतं आणि ती कड हळूहळू कुरतडली जाते.

भोकवाला

टक-टकीचं मी लिहायला हवं होतं, बरं झालं तुम्ही लिहिलंत. आवाज येत असेल तर बॉल घेऊन भोकं पाडणाऱ्याकडे जा. तेलाच्या कड्या कुठून जातायत ते बघून पुढच्या बॉलला भोकांची जागा सरकवता येते. पाडलेली भोकं मात्र सरकत नाहीत.

दहावी_फ्रेम

सगळ्यांचे आभार. पावती सापडली, मुदत अजून आहे, फोटो पाठवलेत. दुसरा बॉल आतल्या भिंतीच्या कपाटात हलवला, खाली रिंग ठेवली. त्याला अल्कोहोलने पुसून बघितलं, ओली रेघ कुठेच नाही, हुश्श.

शेवटचं विचारते. कंपनीने तडकलेला परत मागितला नाही तर निदान सरावाला वापरू का? फाटा बारीकच आहे, आणि हातात इतका छान बसतो.

पिनडेक_मागचा

नको. पिनांवर आदळून असा बॉल कधी दोन तुकडे होऊन खड्ड्यात पडतो. अर्धा बॉल दारातून आत जात नाही, पट्टा फिरत राहतो, मागचे बॉल येऊन त्यावर आदळतात आणि मी पोटावर झोपून ते तुकडे ओढत बसतो. बहुतेक ठिकाणी तडा गेलेला बॉल लेनवर चालूच देत नाहीत, तो यासाठी. घरी दार अडवायला ठेवा.